नवतपा आला की गाडी होते भट्टी : उन्हात उभ्या गाडीचा ताप कसा उतरवायचा?

भद्रावती : लग्न मे महिन्यातलं, मुहूर्त दुपारचा. वऱ्हाड मांडवात जेवते आहे आणि बाजूच्या उघड्या वावरात चाळीस-पन्नास गाड्या उन्हात उभ्या आहेत. तीन वाजता निघायची घाई होते. जो पहिल्यांदा गाडीचं दार उघडतो तो आधी दोन पावलं मागे सरकतो. आतून भपकारा येतो. स्टिअरिंगला हात लावता येत नाही, सीटबेल्टच्या लोखंडी पट्टीचा चटका बसतो, रेक्झिनच्या सीटवर बसलेलं लेकरू लगेच रडायला लागतं. मग सगळे खिडक्या उघडून बाहेर उभे राहतात आणि कोणीतरी म्हणतं, "एसी फुल कर."

चंद्रपूर जिल्ह्याला ऊन नवीन नाही. २०१९ च्या मे अखेरीस चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. एप्रिल २०२५ मध्ये तर नवतपा लागायच्या महिनाभर आधीच तो ४५ च्या वर होता. हे आकडे सावलीतल्या हवेचे असतात, हे बरेच जण विसरतात. उन्हात उभ्या बंद गाडीचा हिशेब त्याच्या पुढे सुरू होतो. आणि हा प्रश्न फक्त घामाचा नाही. बंद गाडीत लेकरं दगावतात, हे नागपूरने पाहिलं आहे. त्याचं पुढे येईलच.

आधी ताप येतो कुठून ते समजून घेऊ.

भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर उन्हातून साधारण १००० वॅट उष्णता पडते. म्हणजे हिवाळ्यात पाणी तापवायची एक हजार वॅटची कॉइल जेवढी उष्णता देते तेवढी. गाडीची पुढची काच एक चौरस मीटरच्या आसपास असते. त्यात मागची काच आणि बाजूच्या काचा धरा, वरून टप तापतो तो वेगळा. काचेतून ऊन सरळ आत येतं आणि काळ्या डॅशबोर्डवर, सीटवर, स्टिअरिंगवर पडतं. या वस्तू तापतात आणि त्यांच्याजवळची हवा तापते. तापलेल्या वस्तूतून जी न दिसणारी उष्णता बाहेर पडते ती काचेतून आरपार जात नाही, काच ती अडवून धरते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गरम हवेला वर निघून जायला वाट नसते. उघड्या ओसरीत हवा तापली तर निघून जाते, बंद गाडीत ती तिथेच फिरत राहते.

एक साधा हिशेब ध्यानात ठेवला तर पुढचे सगळे उपाय आपोआप समजतात. गाडीच्या आत हवा असते फक्त तीन-चार किलो. सीट, डॅशबोर्ड, दाराचे पत्रे, छत हे सगळं मिळून मात्र शेकडो किलो. म्हणून दार उघडून गरम हवा एका मिनिटात बाहेर काढता येते, पण तापलेला डॅशबोर्ड आणि सीट नव्या हवेला पुन्हा तापवत बसतात. हवा बदलणं सोपं, सामान थंड करणं अवघड. त्यामुळे सामान तापूच नये, हा खरा उपाय.

किती तापते?

अमेरिकेत अ‍ॅरिझोना हा आपल्यासारखाच भाजणारा, कोरडा मुलूख. तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या गाड्या त्यांनी काही उन्हात, काही सावलीत उभ्या केल्या. बाहेर ३८ अंश किंवा जास्त तापमान होतं. उन्हातल्या गाडीत एका तासात हवा सरासरी ४७ अंशांवर गेली. डॅशबोर्ड ६९ अंश, स्टिअरिंग ५३, सीट ५१. सावलीतल्या गाडीत हवा ३८, डॅशबोर्ड ४८, स्टिअरिंग ४२, सीट ४१. म्हणजे नुसत्या सावलीने डॅशबोर्डमध्ये २१ अंशांचा फरक पडला. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ असते, तेव्हा आतले आकडे याहून वरच धरावे लागतील.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. लहान गाडी लवकर तापते, मोठी व्हॅन जरा सावकाश. कारण सोपं आहे. काच भरपूर आणि आतली जागा थोडी असली की ताप लवकर चढतो.

म्हणूनच मोबाईलवर ज्या स्पोर्ट्स कारचे व्हिडिओ आपली पोरं पाहतात, ती गाडी उन्हाळ्यात आतून सगळ्यात वाईट. जमिनीला टेकलेली, पुढची काच झोपलेली म्हणून मोठी, आत दोन माणसांपुरती जागा, सगळं काळं, आणि पुष्कळदा इंजिन सीटच्या पाठीमागेच. २०२३ मध्ये कतारच्या फॉर्म्युला वन शर्यतीत उष्णतेने ड्रायव्हरांची हालत खराब झाली होती. एकाला हेल्मेटमध्येच उलटी झाली, एकाने शर्यत सोडली. त्यानंतर २०२५ च्या हंगामापासून जास्त उष्णतेच्या शर्यतीसाठी अंगात थंड पाणी फिरवणारी बंडी देण्याचा नियम आला.

भद्रावतीत स्पोर्ट्स कार कोण घेणार, असं म्हणाल. पण इंजिन सीटजवळ असलेली गाडी आपल्याकडे गावोगाव आहे. मारुती ओम्नी आणि ईको. त्यांचं इंजिन पुढच्या सीटच्या खालीच असतं. ज्यांनी ओम्नीत पुढे बसून उन्हाळ्यात चंद्रपूर गाठलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

सावली, पण कुठली?

सगळ्यात स्वस्त उपाय सावली. पण आपल्या भागात मे महिन्यात सावलीचीही गंमत आहे. भद्रावती साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या आसपास दुपारी बारा-सव्वाबाराच्या सुमारास सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी उभ्या काठीची सावली काठीच्या बुडातच राहते, शून्य सावली दिवस म्हणतात तो हाच. याचा अर्थ असा की त्या दिवसांत भर दुपारी भिंतीच्या आडोशाला गाडी लावून उपयोग होत नाही. वरून छप्पर किंवा झाडाचा डेरेदार घेरच पाहिजे. चिंच, आंबा, कडुनिंब चांगले. मोहाखाली फुलं पडतात ती चिकटतात. पळसाची पानं तोवर पुरती आलेली नसतात. आणि अवकाळीचं वादळ दिसत असेल तर जुन्या झाडाखाली गाडी ठेवू नये. उन्हापासून वाचवायला जाऊन टपावर फांदी घेण्यात अर्थ नाही.

सकाळी सावली पाहून गाडी लावली आणि दुपारी ती उन्हात आली, हे नेहमीचं. गाडी दुपारी दोन ते पाच उभी राहणार असेल तर झाडाच्या पूर्वेला लावावी, कारण दुपारनंतर सावली पूर्वेकडे सरकते. सावली नसेलच तर निदान तोंड पूर्वेकडे करून उभी करावी. दुपारनंतरचं ऊन मग मागच्या काचेवर येतं, डॅशबोर्ड आणि स्टिअरिंग वाचतं.

घरी जागा असेल तर मांडव घाला. आपल्या जिल्ह्यात बांबूला तोटा नाही. चार बल्ल्या, वर बांबूचे आडवे, त्यावर तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा थर, की झाला मांडव. हिरवी शेडनेट वापरायची तर ७५ टक्के किंवा त्याहून दाट सावलीची घ्या, रोपवाटिकेची ५० टक्क्यांची जाळी गाडीला पुरत नाही. पत्र्याचं शेड असेल तर पत्रा गाडीपासून जेवढा उंच आणि बाजूने जेवढं मोकळं, तेवढं चांगलं. खाली दाबून बांधलेला पत्रा स्वतः तापून खालच्या गाडीला तापवतो. पऱ्हाट्यांच्या मांडवाखाली बिडी-सिगारेट आणि वेल्डिंग मात्र नको.

काच झाकायची तर बाहेरून

बाजारात पुढच्या काचेला आतून लावायचे चंदेरी पडदे मिळतात. ते कामाचे आहेत. चमकदार बाजू काचेकडे, म्हणजे बाहेरच्या दिशेला ठेवावी, म्हणजे ऊन आल्या वाटेने परत जाईल. पण ऊन एकदा काचेच्या आत आलं की त्यातला काही ताप आतच राहतो. तेच झाकण काचेच्या बाहेरून टाकलं तर ताप काचेपर्यंत पोचतच नाही. म्हणून जुनी पांढरी चादर किंवा युरियाचं धुतलेलं पांढरं पोतं उसवून पुढच्या काचेवर पसरवा आणि दोन टोकं दारात दाबून टाका. दिसायला बरं दिसत नाही, पण विकतच्या पडद्याला कमी पडत नाही. शहरातला पाहुणा हसला तर हसू द्या.

पडदाही नसेल तर स्टिअरिंगवर टॉवेल आणि डॅशबोर्डवर फिकट रंगाचं कापड टाका. गाडी चालवताना मात्र ते कापड काढायचं. डॅशबोर्ड काळा असतो तो काचेत त्याचं प्रतिबिंब पडून डोळे दिपू नयेत म्हणून. शिवाय एअरबॅग असलेल्या गाडीत डॅशबोर्डवर काही चिकटवून ठेवू नये. सीटला रेक्झिनऐवजी सुती कव्हर बरं. नाही तर नुसता जाडाभरडा टॉवेल अंथरला तरी चटका वाचतो.

खिडकी बोटभर उघडी ठेवली की गाडी तापत नाही, असा एक समज आहे. अमेरिकेत २००५ मध्ये झालेल्या एका अभ्यासात याची तपासणी झाली. खिडकी थोडी उघडी ठेवल्याने तापण्यात फारसा फरक पडला नाही. त्याच अभ्यासात दिसलं की गाडीत जेवढा ताप चढायचा त्यातला ८० टक्के पहिल्या अर्ध्या तासातच चढतो. "दहा मिनिटात येतो" म्हणून जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं.

काळी फिल्म लावावी का?

नाही. काळ्या फिल्मबद्दल सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये निकाल दिला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून गाडीच्या काचेवर वरून फिल्म चिकटवायला बंदी आली. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. पुढे नियमात बदल झाले आणि ठरलेल्या दर्जाच्या, तेवढा उजेड सोडणाऱ्या फिल्मबद्दल केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये वाहनधारकांच्या बाजूने निकालही दिला. पण रस्त्यावर पोलिसाशी वाद घालत ते समजावणं आपल्याला परवडत नाही. लावायचीच असेल तर कंपनीचं प्रमाणपत्र गाडीत ठेवावं. आणि काळेपणाचा आणि थंडाव्याचा तसा थेट संबंध नाही. स्वस्तातली काळी फिल्म ऊन स्वतःत शोषून तापते आणि काच गरम करते.

रंगाचा मात्र संबंध आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने २०११ मध्ये एकाच प्रकारच्या दोन होंडा सिव्हिक उन्हात ठेवल्या, एक काळी, एक चंदेरी. चंदेरी गाडीचा टप २५ अंशांपर्यंत कमी तापला आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी थंड राहिली. जुनी गाडी घ्यायला नागपूर-चंद्रपूरला जाणाऱ्यांनी पांढरी घ्यावी. तिचा भाव पुढेही मिळतो, हा वेगळा फायदा.

शेण लावलेली मोटार

मे २०१९ मध्ये अहमदाबादच्या एका बाईंनी आपली टोयोटा कोरोला बाहेरून पूर्ण शेणाने सारवली. फोटो देशभर फिरला. पाठोपाठ महाराष्ट्रातल्या एका डॉक्टरांनीही आपल्या एसयूव्हीला शेण लावलं. तेव्हापासून दर उन्हाळ्यात हा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर परत येतो आणि पारावर वाद होतो.

खरं काय? सारवलेलं घर थंड राहतं हे कोणाला शिकवायला नको. वाळलेल्या शेणाच्या थरात काड्या आणि हवा असते, ती ताप अडवते. ओलं असेपर्यंत त्यातलं पाणी उडतं आणि पत्रा थंड होतो. म्हणजे टपापुरता काही फरक पडू शकतो. पण गाडीत ऊन मुख्यतः काचेतून येतं, आणि काचेला शेण लावून गाडी चालवता येत नाही. शिवाय वाळलेलं शेण गडद रंगाचं, ते ऊन परत फेकत नाही. पेंट खराब होतो, फटीत ओल राहिली की गंज चढतो. टपावर पांढरी चादर याहून बरी. शेण खतात जाऊ द्या.

दार उघडल्यावर काय करायचं

आता गाडी तापलीच आहे असं धरू. आत बसून लगेच एसी फुल करणं ही चूक. एसीला आधी ती भाजलेली हवा थंड करावी लागते. त्यापेक्षा एका बाजूची खिडकी पूर्ण उघडा आणि समोरच्या बाजूचं दार पाच-सहा वेळा उघडबंद करा, भाता हलवल्यासारखं. दार बाहेर जाताना आतली गरम हवा ओढून नेतं आणि समोरच्या खिडकीतून बाहेरची हवा आत शिरते. ही युक्ती जपानमध्ये चांगली प्रचलित आहे. बाहेरची हवा ४४ अंशांची असली तरी आतल्या ६० पेक्षा ती थंडच.

मग सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून, एसी चालू करून गाडी दोन मिनिटं चालवा. त्यानंतर खिडक्या बंद करा आणि आतलीच हवा फिरवायचं बटण दाबा, ज्यावर गाडीच्या आत वळलेला बाण असतो. एकदा थंड झालेली हवाच पुन्हा थंड होते, एसीवर भार कमी पडतो. झोत वरच्या दिशेला ठेवावा, थंड हवा आपोआप खाली येते. लांबच्या प्रवासात गाडी भरलेली असेल तर तासाभराने थोडा वेळ बाहेरची हवा घ्यावी. श्वासाने आतली हवा कोंदट होते आणि चालवणाऱ्याला पेंग येते.

एसी थंड करत नाही म्हणून दरवर्षी गॅस भरणारे बरेच आहेत. गॅस हे इंधन नाही, तो संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, ती आधी शोधायला लावा. आणि आपल्या भागात त्याआधी एक गोष्ट पाहावी ती म्हणजे धूळ. माजरी, घोडपेठ पट्ट्यात कोळशाची भुकटी, रस्त्याची माती हे सगळं रेडिएटरच्या समोरच्या एसीच्या जाळीत जाऊन बसतं. जाळी बुजली की उष्णता बाहेर टाकायची वाटच बंद. गाडी थंड असताना पाण्याच्या हलक्या धारेने ती धुवावी. सर्व्हिसिंगच्या पंपाची जोरदार धार जवळून मारली तर जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात. हातमोज्याच्या कप्प्यामागून निघणारा हवेचा फिल्टरही काढून पाहा. पुष्कळांना तो आहे हेच माहीत नसतं, आणि निघतो तेव्हा कोळशाच्या पोत्यासारखा असतो.

जुनी गाडी, बिनएसीची गाडी

या भागात बऱ्याच गाड्या जुन्या आहेत आणि त्यांचा ताप उन्हाचा कमी, इंजिनाचा जास्त असतो. दोन जागा तपासाव्यात. पहिली, गिअरच्या दांडीखालचा रबरी बूट. तो फाटला की इंजिनाचा आणि सायलेन्सरचा ताप सरळ पायाशी येतो. बूट काही फार महाग नसतो. पाय ठेवायच्या जागेतली पत्र्याची भोकं, वायरी जाणाऱ्या जागेचे निघालेले रबर, हेही बुजवून घ्यावेत. दुसरी जागा हीटरची. ज्या गाडीत हीटर आहे तिच्यात इंजिनाचं गरम पाणी डॅशबोर्डच्या आतल्या छोट्या जाळीत येतं. ते बंद करणारा व्हॉल्व्ह किंवा त्याची केबल अडकली तर भर मे महिन्यात हीटर चालू राहतो आणि मालक एसीवाल्याला शिव्या देतो. मेकॅनिकला ते पाच मिनिटात कळतं.

एसी नसेल तर ओला दुपट्टा. आपली हवा मे महिन्यात कोरडी असते, म्हणूनच घरातला कूलर चालतो. तोच नियम इथे. खिडक्या उघड्या, अंगावर किंवा मानेवर ओलं कापड, पाणी उडतं तसा थंडावा. मृग लागल्यावर हवेत दमटपणा आला की ही युक्ती कूलरसारखीच लंगडी पडते. आणि एसीच्या बंद गाडीत ओली कापडं टांगू नयेत, दमटपणा वाढून एसीचं काम वाढतं.

मोटारसायकलवाल्यांनी एक समजून घ्यावं. आपल्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा ४५ ची झाली की वारा अंगाला थंड करत नाही, तापवतो. घाम उडून जो थंडावा मिळतो तेवढाच खरा. म्हणून उघडं अंग वाऱ्याला देण्यापेक्षा दुपट्टा, पूर्ण बाह्या आणि पोटात पाणी. आपल्या बाया-माणसं आधीपासून हेच करतात.

ट्रॅक्टरचा लोखंडी टप खालून तापलेल्या तव्यासारखा असतो. वरून पांढरा रंग दिला आणि आतून चंदेरी फोमची शीट लावली तर डोक्यावरचा ताप उतरतो. ताडोब्याच्या मोहर्ली बाजूच्या जिप्सी उघड्याच असतात, तिथे टोपी आणि पाणी याशिवाय इलाज नाही.

ट्रकची केबिन

खरा ताप सोसतो तो कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर. वेकोलिच्या खाणीपासून साइडिंगपर्यंत रांगेत उभं राहायचं, समोर मोठी सरळ काच, बुडाखाली इंजिन, आणि धुळीमुळे खिडकीही उघडता येत नाही. रांगेत गाडी हलत नाही म्हणून वाराही नाही.

जून २०२३ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा करण्याचं जाहीर केलं. त्याची अधिसूचना डिसेंबर २०२३ मध्ये निघाली. त्यानुसार साडेतीन टनांवरच्या मालवाहू गाड्या, ज्या १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार झाल्या, त्यांच्या केबिनमध्ये एसी असलाच पाहिजे. नवीन ट्रक घेताना मालकाने हे पाहावं, आणि ड्रायव्हरनेही विचारावं. अडचण अशी की नियम नव्या गाड्यांना आहे. आज रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या ट्रकांना तो लागू नाही, आणि ते अजून कित्येक वर्षं धावतील. जुन्या ट्रकला इंजिनाच्या झाकणावर जाड गोणपाटाचा किंवा फोमचा थर, फाटलेले रबर बदलणं, पुढच्या काचेच्या वरच्या पट्टीला आडोसा आणि बॅटरीवरचा पंखा एवढं तरी मालकाने करून द्यायला हवं. ड्रायव्हरच्या एका दिवसाच्या मजुरीपुढे हा खर्च फार मोठा नाही.

एसी चालू ठेवून बंद गाडीत झोपणाऱ्यांनी सावध राहावं. गाडी उभी असताना सायलेन्सरचा धूर आत आला तर त्यातल्या विषारी वायूला ना वास असतो ना रंग. बंद शेडमध्ये तर इंजिन चालू ठेवून बसूच नये.

गाडीत काय ठेवू नये

उन्हातल्या गाडीत गॅसचा लायटर, डिओचा डबा, मोबाईल आणि पॉवर बँक ठेवू नका. तापाने ते फुटतात किंवा बॅटरी फुगते. इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध, बाजार करेपर्यंत ते गाडीत राहिलं तर कामाचं राहत नाही. जनावरांच्या लसीचंही तेच. मे-जूनमध्ये कृषी केंद्रातून बियाण्याच्या पिशव्या घेतल्या की पुढची कामं उरकेपर्यंत त्या डिकीत तापत राहतात. सोयाबीनचं बी नाजूक असतं, तापाने त्याची उगवण कमी होते, आणि मग दुबार पेरणीच्या वेळी दोष कंपनीला जातो. फवारणीच्या औषधाची बाटली तर माणसं बसतात त्या जागेत नकोच. तापल्यावर त्याची वाफ आत कोंडते.

लेकरं

जून २०२३ मध्ये नागपूरच्या पाचपावली भागातली तीन मुलं खेळायला म्हणून घरातून निघाली. वय चार ते सहा वर्षं. रात्रभर शोध चालला. दुसऱ्या दिवशी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृत सापडली. खेळता खेळता आत शिरली होती, दार आतून उघडता आलं नाही.

लहान मुलाचं अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. अ‍ॅरिझोनाच्या अभ्यासाचा हिशेब असा की उन्हातल्या गाडीत दोन वर्षांच्या मुलाचं शरीर साधारण तासाभरात धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. सावलीतल्या गाडीतही दोन तास पुरत नाहीत. म्हणजे सावलीत आहे म्हणून लेकरू झोपलेलं ठेवून बँकेत जाणं, हेही नको. कापसाचे पैसे मोजायला लागणाऱ्या वेळेत घात होऊ शकतो.

गावात घरोघरी एखादी बंद पडलेली गाडी अंगणात किंवा गोठ्याजवळ उभी असते. दारं उघडी, काच फुटलेली, कोंबड्या आत बसलेल्या. लेकरांना ती खेळायला आवडते. अशी गाडी एक तर कुलूप लावून बंद ठेवा, नाही तर तिची दारं काढूनच टाका. चालू गाडीची चावी उंचावर ठेवा आणि अंगणातही गाडी लॉक करा. मागच्या दाराचं चाइल्ड लॉक आतून उघडत नाही, म्हणून पाच-सहा वर्षांच्या पोराला पुढच्या सीटवर येऊन दार उघडायला आणि हॉर्न दाबत राहायला शिकवा. बऱ्याच गाड्यांत चावी नसतानाही हॉर्न वाजतो, आपल्या गाडीत वाजतो का ते आजच पाहा. लेकरू दिसेनासं झालं तर विहिरीकडे धावतो तसंच आसपासच्या गाड्यांकडेही धावा. डिकीसुद्धा उघडून पाहा.

बंद गाडीत कोणी अडकलेलं दिसलं तर काच फोडायला मालकाची वाट पाहू नका. बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार जड वस्तूने मारलं की ती फुटते, पुढची काच फोडत बसू नये. बाहेर काढल्यावर सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर साधं पाणी ओता आणि पंख्याने, नाही तर सुपाने वारा घाला. बर्फ असेल तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, कांद्याचा रस चोळण्यात वेळ दवडू नका. १०८ ला फोन करा, आणि रुग्णवाहिकेला वेळ लागत असेल तर अंगावर पाणी ओतत ओततच ग्रामीण रुग्णालय गाठा. अंग गरम असून घाम थांबला असेल, बोलण्यात भ्रम असेल किंवा झटके येत असतील, तर हा उष्माघात आहे. घरी झोपवून ठेवायचा आजार नाही.